डबीची पाठ

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नवऱ्याच्या गाडीची चाकं विकायला काढली, अशी बातमी शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या इमारतीत पसरली. सव्वानऊला ती फिरून पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली, तेव्हा दोन चाकं विकूनही झाली होती. साडेनऊला गिऱ्हाईक कोण तेही ठरलं. आणि दहाला आमच्या हिनं मलाच विचारलं, "अहो, माणूस जाऊन आठ महिने नाही झाले आणि चाकं विकली म्हणे? उरलेल्या दोनांवर काय कसरत करणार आहेत का?"

बातमी साफ खोटी होती. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती मीच सोडली होती. सोडली म्हणजे काय, दूध आणायला गेलो तेव्हा दुकानदाराला एवढंच म्हणालो, की वहिनींनी मागची दोन्ही चाकं काढून जिन्याखाली ठेवलीत, काय विचार आहे देव जाणे. ते "देव जाणे" जोडायला नको होतं. शेपूट लावलं की बातमी पळते.

खरी गोष्ट अशी, की वहिनी इमारतीच्या मागच्या अंगणात, स्वतःच्या हातानं, गाडीचे मागचे ब्रेक बदलत होत्या.

वहिनी तीन शाळांचे गणवेश शिवतात. पुढच्या खोलीत दोन मशीन, कापायचं लांब टेबल, आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. त्या ढिगावर आमच्या इमारतीतल्या मांजरींच्या चार पिढ्यांची बाळंतपणं झाली आहेत. मापाला त्यांची नजर अशी, की पोरगं दारातून टेबलापर्यंत येईतो त्याची बाही किती ते त्यांना कळलेलं असतं. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा, बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या भेटीत ओळख होण्याआधीच त्या मला म्हणाल्या होत्या, "भावोजी, तुमचा डावा खांदा उतरलेला आहे." मी आरशात बघितलं, तर खरंच. तोवर मी स्वतःला सरळ माणूस समजत होतो.

गळ्यात टेप नाही अशा वहिनी मी एकदाच पाहिल्या. त्यांचे मालक गेले त्या दिवशी. तेव्हा टेप मुठीत होती.

मालक पाणीपुरवठा खात्यात कारकून. आम्ही त्यांना पाणीसाहेब म्हणायचो. नळाला पाणी आलं नाही की सगळी इमारत त्यांच्याकडे अशी बघायची, जणू त्यांनीच पिऊन टाकलं. स्वभाव गरीब, पण गाडीच्या बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. गाडी छोटी, चौकोनी, मूळचा रंग पांढरा असावा असा अंदाज. पोरं तिला डबी म्हणायची. दर रविवारी साहेब डबीखाली शिरायचे आणि वहिनी बाजूला उभ्या राहून मागतील ते हातात द्यायच्या. "बाराचा पाना." "पकड." "ती नाही, लांब नाकाची." चोवीस वर्षं हा कार्यक्रम चालला. वहिनींना प्रत्येक हत्याराचं नाव पाठ, वजन पाठ. पण गाडीच्या पोटात काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांच्या वाट्याला आले ते साहेबांचे पाय.

साहेब फेब्रुवारीत गेले. आजारपण दोन आठवड्यांचं. वहिनी रडल्या नाहीत. ही अफवा नव्हे. हे सगळ्यांनी पाहिलं आणि आपापल्या परीनं त्यावर बोलूनही घेतलं. चौथ्या दिवशी मशीन सुरू झालं. त्यानंतर वहिनींशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू टाकणं. भिंत निदान चेंडू परत तरी करते. मी म्हणायचो, "वहिनी, आज उकाडा फार." त्या म्हणायच्या, "असेल." मी म्हणायचो, "वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरातून जळल्याचा वास येतोय." त्या म्हणायच्या, "असेल," आणि मग सावकाश उठून बघायला जायच्या. चिडचिड नाही, दुःख नाही, काही नाही. चेहरा म्हणजे अजून कापायला न घेतलेलं कापड.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी डबी फाटकाजवळच्या उतारावर लावली, हँडब्रेक ओढला, गणवेशांचे गठ्ठे आणायला वर गेल्या. मागे डबी आपली आपण निघाली. घरंगळत घरंगळत वॉचमनच्या खुर्चीवर चढली आणि खुर्चीचा पापड करून थांबली. वॉचमन खुर्चीत नव्हता. जागेवर नसण्याची त्याची जी खोड, जिच्यावर आम्ही दोन सभा घेतल्या, तिनंच त्याचा जीव वाचवला. तेव्हापासून तो ती खोड अभिमानानं सांगतो.

ही बातमी त्यांच्या मुलाला कुणीतरी कळवली. (कुणीतरी म्हणजे कुणी, ते सोडा.) चिरंजीव दुसऱ्या शहरात विमा कंपनीत आहेत, त्यामुळे त्यांना जिकडेतिकडे अपघातच दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी बटण लावून घ्यायला वहिनींकडेच बसलो होतो. फोन टेबलावर, आवाज मोठा.

"आई, मी रविवारी दहाला येतोय. गठ्ठे भरून गाडी त्या उतारावर लावायची आणि हँडब्रेकवर सोडायची. पाच मिनिटं उभी राहिली तर ठेव तुझ्याकडे. घरंगळली तर मी तिथूनच विकायला घेऊन जाणार. आणि गाडी नाही म्हणजे शाळांना गठ्ठे पोचवणं नाही. ते शिवणकाम बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. खोली रिकामीच आहे."

वहिनी बटणाचा दोरा दातानं तोडत होत्या. म्हणाल्या, "दहाला म्हणजे नाश्ता करून येशील की इथं करशील?"

"आई, मी काय बोलतोय ते ऐकतेयस का?"

"ऐकलं. पाच मिनिटं."

फोन ठेवल्यावर त्या उठल्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. त्यावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: मागचे. एप्रिलमध्ये. आत नवे ब्रेक शू, नव्या स्प्रिंगा, पुडीत गुंडाळलेले आणखी दोन लोखंडी तुकडे. साहेबांनी जानेवारीतच आणून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, गॅरेजवाल्याला सांगू?"

"विचारलं मी. सोमवारी बघतो म्हणाला."

"मग?"

"मग काय. एप्रिलचं काम आहे. सहा महिने उशीर झालाय."

हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की जणू कुणाचा तरी शर्ट द्यायचा राहून गेलाय.

आता हा ब्रेक म्हणजे काय, तर चाकामागे पातेल्यासारखा एक लोखंडी ड्रम असतो आणि त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. पायानं ब्रेक दाबा किंवा हातानं हँडब्रेक ओढा, ते दोन शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घट्ट धरतात. झिजले की धरत नाहीत. डबीचे इतके झिजले होते, की वहिनी म्हणाल्या, "कोपरावर विरलेली बाही असते, तसं झालंय." हे ज्ञान मला त्या शनिवारी झालं. त्याआधी मी सल्ले देऊन चुकलो होतो.

माझा पहिला सल्ला: "हँडब्रेक ओढून ठेवा वहिनी, जॅकवरून गाडी पळाली तर?" त्यांनी पुढच्या चाकांना विटा लावल्याच होत्या, तरी माझा मान ठेवून हँडब्रेकही ओढला. मग ड्रम निघेना. ठोकून बघितलं, फिरवून बघितलं, तेल सोडलं. तासभर त्या लाकडी दांड्यानं ठाक ठाक करत राहिल्या आणि मी "गंज असेल, जुनी गाडी आहे" वगैरे अकलेचे तारे तोडत राहिलो. शेवटी त्या थांबल्या, आत वाकून हँडब्रेक खाली केला, आणि ड्रम दोन टोल्यांत हातात आला. आतले शूच त्याला धरून बसले होते. मीच धरायला लावले होते. वहिनींनी ड्रम बाजूला ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेब नेहमी एका वेळी एकच बाजू उघडायचे. एक बाजू खोलायची, दुसरी तशीच ठेवायची, नमुन्याला. कुठली स्प्रिंग कुठं ते विसरलं की पलीकडे जाऊन बघायचं. पण वहिनींचा हात शिवणाचा. कापडाची घडी घालायची आणि दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, म्हणजे सारख्या होतात, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. त्यांनी दोन्ही ड्रम एकदम काढले. दोन्ही बाजू उघड्या, नमुना कुठंच नाही.

"आता हो?" मी म्हटलं.

"खुणा करू." त्यांनी पदराला खोचलेला चपटा निळा खडू काढला, गाडीच्या मागे उलट्या खोक्यावर बसल्या, आणि न बघता, सवयीनं, एका चाकासमोर जमिनीवर 'उ' लिहिलं, दुसऱ्यासमोर 'डा'. जुनी चादर अंथरली. त्यावर प्रत्येक स्प्रिंग जशी निघाली तशी ठेवून भोवती खडूची रेघ. थोड्या वेळानं ती चादर म्हणजे एखाद्या लोखंडी माणसाच्या सदऱ्याची कापणी दिसायला लागली.

पुडीतले ते दोन तुकडे म्हणजे ॲडजस्टर. दोन शूंच्या मधे बसणारी स्क्रूची दांडी. शू झिजत जातात तशी ती आपोआप दातादातानं लांब होते आणि शूंना ड्रमच्या जवळ ठेवते. डावीचे आटे एका दिशेचे, उजवीचे उलट्या. म्हणून त्यांवर बारीक एल आणि आर कोरलेलं होतं. जुने दोन्ही गंजून मुटकुळं झालेले, त्यांवरून काही कळायला मार्ग नव्हता. वहिनींनी एल 'डा'च्या बाजूला बसवला, आर 'उ'च्या. बरोबरच की. शाळेतलं पोरगंही तसंच करील.

शेवटची स्प्रिंग अडकवताना पकड निसटली आणि स्प्रिंगेनं त्यांच्या बोटाच्या पेरावर फटका मारला. रक्त आलं. वहिनींनी बोट डोळ्यांसमोर धरलं आणि दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघत राहिल्या.

"दुखतंय का?"

"असेल."

"असेल काय वहिनी! बोट तुमचं आहे."

त्यांनी चादरीची एक चिंधी टर्रकन फाडली, बोटाला गुंडाळली, स्प्रिंग परत उचलली.

चार वाजता चाकं चढली. हँडब्रेक ओढला: कट कट कट कट कट, पाच टिचक्यांत घट्ट. मी टाळ्या वाजवल्या. वरच्या गॅलरीतूनही दोन-तीन आल्या. चाकं विकली नाहीत हे बघून थोडी निराशाही आली. वहिनी गाडीत बसल्या, अंगणात फेऱ्या मारायला लागल्या. दर फेरीला ब्रेक दाबायचा, थांबायचं, हँडब्रेक ओढून बघायचा. तिसऱ्या फेरीला सात टिचक्या. सहाव्या फेरीला नऊ. दहाव्याला दांडा जवळजवळ उभा राहिला. मग उतारावर नेली. डबी दोन क्षण विचार करत थांबली आणि मागे सरकायला लागली. वॉचमन नवी खुर्ची उचलून पळाला.

"वहिनी, हे उलटंच की. जितका ब्रेक दाबावा, तितका ढिला होतोय."

"हो."

"म्हणजे गाडीच गेली आता."

"असेल," वहिनी म्हणाल्या. डबी अंगणात परत लावली, हात धुतले, वर गेल्या. थोड्या वेळानं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. एरवी वळणावर मशीनचा वेग कमी होतो. त्या दिवशी होत नव्हता. सरळच चाललं होतं. बाही शिवत होत्या की नुसताच कापडाचा पट्टा, कोण जाणे.

रविवारी सकाळी सातला मी खाली आलो, तर वहिनी खोक्यावर, गाडीच्या मागे. चाकं परत काढलेली, ड्रम उघडे, मांडीवर खडूवाली चादर. नुसत्या बसलेल्या. किती वेळ, त्यांनाही सांगता आलं नसतं. घड्याळात दहा वाजायला तीन तास, आणि वर दाराशी एक बॅग दिसली होती मला. मोठी नव्हती. मुलाकडच्या रिकाम्या खोलीपुरती.

मी त्यांच्या पुढ्यात गेलो आणि डबीच्या मागच्या काचेतून आत डोकावलो. रिकाम्या सीटा मोजल्या. काहीतरी करायचं म्हणून.

"भावोजी, हलू नका."

माझ्या अंगावर पाल पडली असावी अशा समजुतीनं मी लाकूड झालो.

"तुमचा कुठला खांदा उतरलेला आहे?"

"डावा. बावीस वर्षं सांगताय."

"तो माझ्या डाव्या हाताला दिसतोय."

"मग कुठं दिसणार? पाठ आहे माझी तुमच्याकडे."

"नेहमी उजव्या हाताला असतो."

"नेहमी मी तोंड करून उभा असतो वहिनी!"

वहिनी जमिनीवरच्या खडूकडे बघायला लागल्या. तीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर तोंड करून उभी राहिली. समोरच्याचा उजवा म्हणजे आपल्या डाव्या हाताला, हे बोटांत इतकं भिनलेलं, की खडू हातात आला आणि डाव्या हाताच्या चाकासमोर 'उ' उमटला. गाडी त्यांच्याकडे तोंड करून उभी आहे असं हातानं धरलं. डबी तर पाठ करून उभी होती. एल गेला उजवीकडे, आर गेला डावीकडे, आणि ब्रेक दाबला की दांड्या लांब व्हायच्या त्या आखूड होत होत्या.

"गिऱ्हाईक समजले मी हिला," वहिनी म्हणाल्या. हसल्या नाहीत. मी हसलो, पण एकट्याचं हसू लवकर संपतं.

मग त्यांनी ओल्या फडक्यानं दोन्ही अक्षरं पुसली आणि जागा बदलून पुन्हा लिहिली. दोन्ही ॲडजस्टर काढून अदलाबदल केले, आणि या खेपेला एका वेळी एकाच चाकाला हात लावला, साहेबांसारखा. एक बाजू पुरी झाली, झाकली, मग दुसरी. मी पाने देत होतो. "पकड," त्या म्हणाल्या. मी दिली. "ती नाही, लांब नाकाची." सूर साहेबांचा, अगदी डिट्टो. मला तो झोंबला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साडेनऊला दहा फेऱ्या झाल्या. पाच टिचक्या. दहाव्या फेरीलाही पाच.

चिरंजीव दहाला दोन मिनिटं असताना आले. इस्त्रीचे कपडे, हातात फोन. आईच्या बोटाची चिंधी बघून म्हणाले, "हे काय?" वहिनी म्हणाल्या, "स्प्रिंग." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी फक्त खांदा दिला." त्यांना कळलं नाही.

बारा गठ्ठे मागे भरले. मुलगा स्वतः चालवून डबी उतारावर घेऊन गेला, गियर काढला, हँडब्रेक ओढला, पाय उचलले, आणि फोनवर वेळ लावून आतच बसून राहिला. हे मला आवडलं. घरंगळली असती तर तोही घरंगळला असता. वॉचमन खुर्चीसकट रस्त्यापलीकडे गेला होता. गॅलऱ्या भरल्या होत्या. वहिनी फाटकाला टेकून उभ्या, गळ्यात टेप. इमारतीत जिचा श्वास अडकला नव्हता अशी ती एकटीच बाई.

एक मिनिट. दोन. तिसऱ्याला वाऱ्यानं कुणाचं तरी दार आपटलं आणि आमची ही किंचाळली. डबी ढिम्म. पाच झाली. मुलगा उतरला, पुढे गेला, बॉनेटला हात लावून सगळ्या ताकदीनं खालच्या बाजूला रेटलं. मग पाठ लावून रेटलं. शर्टाची इस्त्री गेली. डबी हलली नाही.

तो आईपुढे येऊन उभा राहिला. किल्ली बराच वेळ हातातल्या हातात फिरवली. "आई, पण तू एकटी..." एवढंच म्हणाला.

"गणवेश मंगळवारी द्यायचेत," वहिनी म्हणाल्या आणि तळहात पुढे केला. त्यानं किल्ली ठेवली. मग त्या त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "कंबर दोन इंचांनी वाढलीय तुझी. वर चल, नाश्ता कर." दोन इंच वाढलेली कंबर घेऊन तो मुकाट्यानं जिना चढला. दाराशी ठेवलेली बॅग त्यानं पाहिली की नाही, ठाऊक नाही. दुपारी ती तिथं नव्हती.

वहिनी हत्यारं गोळा करायला मागे राहिल्या. साहेबांचे पाने फडक्यानं पुसून, आकारानं लावून, पेटीत ठेवत होत्या. आता तरी काहीतरी निघेल, दोन थेंब, एखादा उसासा, म्हणून मी खोक्यावर बसून वाट बघितली. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, खरं सांगा. आता तरी जरा बरं वाटलं की नाही?"

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या:

"ते अजून कळत नाही भावोजी. पण चाकं चारही जागेवर आहेत, तेवढं मात्र आता दुकानात जाऊन सांगा."